नेपानगरचा दवाखाना आणि कागदाचा भाव

एखाद्या छोट्या गावात रात्री दोन वाजता अडलेल्या बाईचं सिझर होऊ शकतं की नाही, हे कशावरून ठरतं? डॉक्टर आहेत का, भूल देणारे आहेत का, रक्त आहे का, असे प्रश्न आपल्याला लगेच सुचतात. नेपानगरचा इतिहास वाचायला लागलो की या यादीत एक अजब प्रश्न येऊन बसतो: वृत्तपत्राच्या कागदाचा जगातला भाव काय आहे?

हा संबंध ओढूनताणून आणलेला नाही. गावातली आरोग्यसेवा कशावर उभी असते, तिचं बिल नेमकं कोण भरतं आणि ते भरणारा दमला की काय होतं, हे समजून घ्यायला नेपानगरइतकं बोलकं गाव मला दुसरं माहीत नाही.

भुसावळहून खंडव्याकडे निघालं की सावदा, निंभोरा, रावेर अशी केळीच्या पट्ट्यातली स्टेशनं लागतात, मग राज्याची हद्द ओलांडून बऱ्हाणपूर आणि त्यापुढे डोंगर-जंगलातलं नेपानगर. 1947 साली नायर प्रेस सिंडिकेट नावाच्या खासगी कंपनीने इथे वृत्तपत्राचा कागद बनवणारी गिरणी काढायचं ठरवलं. देशात तोवर असा कागद बनतच नव्हता, सगळा बोटीने यायचा. खासगी कंपनीला ते झेपलं नाही. 1949 मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने कारभार हाती घेतला, आणि 26 एप्रिल 1956 रोजी पंडित नेहरूंनी गिरणी देशाला अर्पण केली. क्षमता वर्षाला 30 हजार टन. कच्चा माल म्हणजे आसपासच्या जंगलातली सलई आणि बांबू. 1981 सालापर्यंत वृत्तपत्राचा कागद बनवणारी ही देशातली एकमेव गिरणी होती. गावाचं नावसुद्धा ‘नेपा’ या तिच्या नावावरूनच पडलं.

जंगलात गिरणी उभी करायची म्हणजे आधी माणसं राहतील अशी जागा उभी करायची. क्वार्टर्स, पाणी, वीज, शाळा आणि दवाखाना हे सगळं गिरणीला करावं लागलं. 1948च्या कारखाने कायद्याप्रमाणे 500हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात डॉक्टर-नर्ससह प्रथमोपचाराची स्वतंत्र खोली असणं सक्तीचं होतं. पण अशा आडबाजूच्या औद्योगिक गावांना खोलीवर भागवता येत नाही, कारण कामगाराची बायको बाळंत होते, पोराला ताप येतो, म्हाताऱ्याला धाप लागते. म्हणून स्वातंत्र्यानंतरच्या या वसाहतींनी दवाखाने बांधले. आणि तिथेच एक गोष्ट घडली, जी त्या वेळी कुणी मुद्दाम ठरवलेली नसावी, पण आज पाहिली की थक्क व्हायला होतं.

गिरणी दवाखान्याला पेशंट मोजून पैसे देत नव्हती. महिन्याला डॉक्टरांचा पगार, नर्सचा पगार, औषधं, वीज, रंगरंगोटी हे सगळं कारखान्याच्या खर्चात धरलं जायचं. त्या महिन्यात दहा बाळंतपणं झाली काय किंवा दोन झाली काय, दवाखान्याचे दिवे चालूच. म्हणजे गिरणी उपचाराचे पैसे देत नव्हती, ती सज्जतेचे पैसे देत होती. आरोग्यसेवेच्या अर्थशास्त्रातला सगळ्यात अवघड प्रश्न इथे एका कागद गिरणीने नकळत सोडवून टाकला होता.

सज्जता म्हणजे काय, ते एका वस्तूकडे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. ती वस्तू म्हणजे रक्त ठेवायचा फ्रिज.

दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त वाहत असतं. बाळ आणि वार बाहेर आल्यावर गर्भाशय घट्ट आवळलं जातं आणि त्या रक्तवाहिन्या आपोआप दाबल्या जाऊन बंद होतात. शरीराने योजलेला हा बंदोबस्त मला कायम अचंबित करतो. पण कधी कधी गर्भाशय आवळतच नाही, आणि मग काही मिनिटांत बाई हातची जाऊ शकते. त्या मिनिटांसाठी जवळपास कुठेतरी तिच्या गटाचं रक्त हवं. छोट्या गावात पूर्ण रक्तपेढी चालवणं परवडत नाही, म्हणून नियमांनी एक सुंदर तोड काढली आहे: रक्तसाठा केंद्र. मोठ्या परवानाधारक रक्तपेढीकडून तपासलेल्या पिशव्या आणायच्या आणि गावच्या सरकारी रुग्णालयात ठेवायच्या. वर्षाला 2 हजारांपेक्षा जास्त पिशव्या लागत नसतील तर औषध नियमांनुसार पूर्ण परवाना लागत नाही, राज्याच्या औषध प्रशासनाची मान्यता पुरते. ती दर दोन वर्षांनी नव्याने घ्यायची.

वाचायला सोपं वाटतं. आता तो फ्रिज डोळ्यांसमोर आणा. आतलं तापमान 2 ते 6 अंशांच्या मध्येच राहिलं पाहिजे. साध्या रक्षक द्रावणातली पिशवी 35 दिवस टिकते, त्यानंतर फेकायची. फ्रिजबाहेर काढलेली पिशवी अर्ध्या तासात वापरली नाही तर ती परत साठ्यात ठेवता येत नाही. वीज गेली तर जनरेटर लगेच सुरू व्हायला हवा, जनरेटरला डिझेल हवं, तापमान चढलं तर वाजणारा अलार्म हवा, तो ऐकणारा माणूस हवा, आणि पेशंटच्या रक्ताशी पिशवीतलं रक्त जुळवून पाहणारा तंत्रज्ञ रात्रीही उपलब्ध हवा. महिनाभर एकाही बाईला रक्त लागलं नाही, तरी हा सगळा खर्च झालेलाच असतो. वर, मुदत संपलेल्या पिशव्या नष्ट करायच्या. आणि ही तर एका फ्रिजची गोष्ट झाली. सिझरसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि जन्मलेल्या बाळाला सांभाळणारा बालरोगतज्ज्ञ अशी तिघांची मोट बांधावी लागते. तिघांपैकी दोघं असून चालत नाही, एक नसला तर बाकीच्या दोघांचा पगार त्या रात्रीपुरता वायाच. देशभरातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला आपण ग्रामीण रुग्णालय म्हणतो त्या पायरीवर, लागणाऱ्या तज्ज्ञांपैकी सुमारे 80 टक्के जागांची तूट आहे, असं केंद्र सरकारचीच 2021-22ची आकडेवारी सांगते. हा आकडा वाचताना ती तिघांची मोट आठवावी, म्हणजे ‘वर पाठवा’ हे दोन शब्द छोट्या दवाखान्यात इतक्या वेळा का उच्चारले जातात ते उमजतं.

आता कागदाकडे वळू. नेपाची गिरणी सज्जतेचा खर्च पेलू शकत होती, कारण तिचा माल विकला जाण्याची हमी होती. परकीय चलन अपुरं असल्यामुळे वृत्तपत्राच्या कागदाची आयात सरकारच्या मुठीत होती. कुणाला किती कागद मिळेल, कोणत्या पेपराने किती पानं काढावीत, यावर बंधनं होती. याच काळात पानं आणि किंमत यांची सांगड घालणाऱ्या सरकारी आदेशाविरुद्ध पुण्याचा ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1961 साली जिंकला, हे मराठी वाचकांना ठाऊक असेलच. पुण्यातल्या त्या वादात आणि सातपुड्याच्या कुशीतल्या एका दवाखान्यात एकच कागद होता, हे मात्र आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

1990च्या दशकाच्या मध्याला आयात खुली झाली. परदेशातला कागद भारतीय बंदरांवर स्वस्तात उतरू लागला. जुन्या यंत्रांवर, जुन्या पद्धतीने बनणारा नेपाचा कागद त्याच्यापुढे टिकेना. 1998 साली गिरणीचं प्रकरण आजारी उद्योगांसाठीच्या मंडळाकडे, बीआयएफआरकडे गेलं. पुढची गोष्ट म्हणजे पुनरुज्जीवनाच्या योजनांची लांब साखळी: 2012 साली एक पॅकेज, 2018 साली 469 कोटींचं दुसरं, त्यात यंत्रांचं नूतनीकरण, पगारासाठी कर्ज आणि कामगारांना स्वेच्छानिवृत्ती. 2016 पासून उत्पादन थांबलेलं होतं, ते ऑगस्ट 2022 मध्ये पुन्हा सुरू झालं, आता सलई-बांबूऐवजी रद्दीची शाई धुऊन. दरम्यान 2019च्या अर्थसंकल्पात आयात कागदावर 10 टक्के सीमाशुल्क लागलं आणि 2020 साली ते 5 टक्क्यांवर आलं. दिल्लीत एका अर्थसंकल्पात आकडा चढतो, पुढच्यात उतरतो, आणि ज्या गावाची पाणी-वीज-दवाखान्याची घडीच एका उत्पादनावर बसलेली आहे, तिथे त्याची कळ जाणवते. ज्या कारखान्याला पगारासाठी कर्ज काढावं लागतं, त्याच्या हिशेबात रात्रीच्या नर्सची जागा कुठे लागत असेल, हे सांगायला लेखापाल नको.

गिरणी ओसरली की तिच्या जागी सरकारी यंत्रणेने उभं राहायचं असतं. ती उभी राहिलीही. पण इथे राज्याच्या हद्दीची रेघ आडवी येते, तीही 1956 सालातलीच.

नेहरू नेपानगरला आले तेव्हा हा निमाड जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. सहा महिन्यांनी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, निमाड मध्य प्रदेशातच राहिला आणि राजधानी झाली भोपाळ. खानदेश आणि निमाड यांच्यामधली रेघ पक्की झाली. माणसांनी मात्र ती कधीच फारशी मनावर घेतली नाही. बऱ्हाणपूरच्या बाजारात मराठी चालते, सोयरिकी दोन्हीकडे होतात, आणि दुखणं मोठं असलं की पेशंट भुसावळ-जळगावकडे जातो किंवा खंडवा-इंदूरकडे, जिकडे ओळखीचा डॉक्टर असेल तिकडे.

पण पैसा ती रेघ काटेकोर पाळतो. जननी सुरक्षा योजना पाहा. 2005 साली सुरू झालेली ही केंद्राची योजना बाईने घराऐवजी दवाखान्यात बाळंत व्हावं म्हणून तिला रोख रक्कम देते. त्यासाठी राज्यांचे दोन गट केले गेले. जिथे दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण कमी होतं त्यांत मध्य प्रदेश आहे, जिथे ते बरं होतं त्यांत महाराष्ट्र. बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खेड्यातली बाई सरकारी दवाखान्यात बाळंत झाली तर तिला 1400 रुपये, ती कोणत्याही जातीची असो, गरीब असो वा नसो. रेघेपलीकडे रावेर तालुक्यातल्या खेड्यातल्या बाईला 700 रुपये, आणि तेही ती दारिद्र्यरेषेखालची किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तरच. दोन सख्ख्या बहिणी रेघेच्या दोन अंगांना दिलेल्या असल्या तर त्यांना हा फरक कुणी समजावून सांगावा? नियमाला स्वतःचं तर्कशास्त्र आहे आणि राज्याची सरासरी पाहिली तर ते बरोबरही आहे. पण बाळंतपण सरासरीत होत नाही, गावात होतं.

23 सप्टेंबर 2018 रोजी आयुष्मान भारत योजना आली आणि या रेघेत एक दार उघडलं. एका कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचा उपचार, आणि कार्ड देशभर चालणार. मध्य प्रदेशचं कार्ड घेऊन जळगावच्या योजनेतल्या रुग्णालयात भरती होता येतं आणि बिल मध्य प्रदेशच्या यंत्रणेने चुकतं करायचं. मला ही गोष्ट खरोखर विलक्षण वाटते. कार्डधारक माणूस कुठल्या राज्यातला आहे हे क्षणात पडद्यावर दिसतं, मंजुरी मिळते, ऑपरेशन होतं, आणि दोन सरकारांची खाती आपसात जुळतात. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, यात घेतलं आहे. लोकांच्या खिशातून जाणारा खर्च देशाच्या एकूण आरोग्यखर्चात 2013-14 मध्ये 64 टक्के होता, 2021-22 मध्ये तो 39 टक्क्यांवर आला, हे सरकारी लेख्यांतलं चित्र आशा वाढवणारं आहे.

पण दाराला उंबरा आहे. रुग्णालयाचा क्लेम राज्यातल्या राज्यात 15 दिवसांत चुकता व्हावा आणि परराज्यातल्या पेशंटचा 30 दिवसांत, असा दंडक आहे. मोठ्या शहरातल्या 300 खाटांच्या रुग्णालयाला हे जादाचे 15 दिवस जाणवतही नाहीत. सीमेवरच्या 20 खाटांच्या नर्सिंग होमला जाणवतात, कारण औषधवाला, ऑक्सिजनवाला आणि नर्स महिनाभर थांबत नाहीत. कागदावरचा दंडक मोडला आणि दिवस वाढत गेले तर पहिला धक्का याच लहानग्याला बसतो.

त्याहून खोल अडचण दराच्या रचनेतच आहे. योजना पॅकेजवर पैसे देते: अमुक शस्त्रक्रिया, अमुक रुपये. समजा एखाद्या दवाखान्याची सज्जता राखायला महिन्याला शंभर भाग खर्च येतो. शंभर पेशंट आले तर प्रत्येकामागे एक भाग. वीसच आले तर प्रत्येकामागे पाच. पॅकेजचा दर मात्र तोच. अग्निशमन दलाला विझवलेल्या आगीमागे पैसे द्यायचे ठरवले तर ज्या गावात आग कमी लागते तिथला बंब विकावा लागेल, तसंच हे. म्हणून विम्याचा पैसा नैसर्गिकपणे गर्दीकडे, शहराकडे वाहतो. यात कुणाचं कारस्थान नाही, गणितच तसं आहे. गिरणीने जे नकळत केलं होतं ते इथे उलटं झालं: सज्जतेचे पैसे द्यायला कुणी उरलं नाही आणि उपचाराचे पैसे द्यायला सगळे तयार.

यात भर पडते नियमांची, आणि इथे मला सावकाश बोलावंसं वाटतं, कारण नियमांना नावं ठेवणं फार सोपं आहे. दवाखान्यातला कचरा घ्या. 2016च्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत वार, रक्ताळलेला कापूस, ड्रेसिंग. लालमध्ये सलाइनच्या नळ्या, सिरिंज. पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात सुया. निळ्यात काचेच्या बाटल्या. प्रत्येक पिशवीवर बारकोड. 48 तासांच्या आत तिची विल्हेवाट लागली पाहिजे. 75 किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र असेल तर दवाखान्याने स्वतःची भट्टी उभारायची नाही, गाडी येईल तिची वाट पाहायची. म्हणजे डोंगरातल्या दवाखान्यात वापरलेली एक सुई कुठून निघाली, कुठे गेली, कधी नष्ट झाली, याचा माग लागू शकतो. एवढ्या मोठ्या देशाने हे ठरवावं आणि बऱ्याच ठिकाणी पाळून दाखवावं, हे मोठंच काम आहे. गाडीचा खर्च मात्र अंतराचा असतो आणि शुल्क बहुतेक ठिकाणी खाटेवर आकारलं जातं, मग खाट भरलेली असो की रिकामी.

आगीचे नियम तसेच. 9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली आणि 10 बाळं गेली. 1 ऑगस्ट 2022 रोजी जबलपूरच्या एका खासगी रुग्णालयातल्या आगीत 8 जण गेले. त्यानंतर दवाखान्यांची तपासणी कडक झाली, ना-हरकत दाखले मागितले गेले, आणि ते मागितलेच पाहिजेत. ज्या आईने भंडाऱ्याला बाळ गमावलं तिच्यासमोर उभं राहून ‘नियम जाचक आहेत’ असं म्हणायची माझी हिंमत नाही. तरीही हे खरं आहे की दुसरा जिना, पाण्याची टाकी आणि स्प्रिंकलर यांचा खर्च 20 खाटांनाही जवळपास 50 खाटांइतकाच पडतो. नियम सुरक्षिततेची किमान पातळी ठरवतात, पण ती गाठायला लहान जागेला लागणारे पैसे कुठून यायचे, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नसतं.

या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचा एक जुना प्रयत्न याच प्रदेशात, इंदूरला झाला होता. 1990च्या दशकात महाराजा यशवंतराव रुग्णालय, होळकरांच्या नावाचं, लोक ज्याला ‘एमवाय’ म्हणतात, इतकं जर्जर झालं होतं की पेशंट बाहेर काढून उंदरांचा नायनाट करावा लागला. त्यातून 1995 साली रोगी कल्याण समिती जन्माला आली. कल्पना अगदी साधी: केसपेपरचे जे चार पैसे जमतात ते सरकारी तिजोरीत न पाठवता रुग्णालयातच ठेवायचे आणि स्थानिक समितीने ठरवून खर्च करायचे. तुटलेला नळ, फुटलेली काच, संपलेलं डिझेल यांसाठी भोपाळची वाट पाहायची नाही. मध्य प्रदेशने ती राज्यभर नेली आणि 2005 नंतर ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर पोचवली. आज रावेरच्या ग्रामीण रुग्णालयात रुग्ण कल्याण समितीचा फलक दिसला तर त्याचं मूळ इंदूरच्या त्या उंदरांपर्यंत जातं.

जगाने यावर काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत, जिथे आरोग्य हा उघड धंदा आहे, तिथेसुद्धा 1997 साली कायद्याने एक वेगळा वर्ग केला गेला: जास्तीत जास्त 25 खाटांची, दुसऱ्या रुग्णालयापासून साधारण 35 मैल दूर असलेली ग्रामीण रुग्णालयं. त्यांना वृद्धांसाठीची सरकारी योजना ठरावीक दराने पैसे देत नाही, झालेल्या वाजवी खर्चाच्या 101 टक्के देते. बाजारावर इतका विश्वास असलेल्या देशालाही मान्य करावं लागलं की दूरच्या दवाखान्याचं गणित बाजारात सुटत नाही.

आपल्याकडे हे तत्त्व परकं नाही. उपकेंद्र सपाटीला 5 हजार लोकांमागे एक, आदिवासी-डोंगरी भागात 3 हजारांमागे एक. सामुदायिक आरोग्य केंद्र सपाटीला 1 लाख 20 हजारांमागे, डोंगरात 80 हजारांमागे. म्हणजे कोरकू-बारेला आदिवासींच्या पाड्यांसाठी तोच दवाखाना कमी लोकांत चालवावा लागतो आणि म्हणून माणशी महाग पडतो, हे सरकारने इमारती बांधताना केव्हाच कबूल केलं आहे. पैसे देतानाही त्याची एक चुणूक दिसते. आयुष्मान योजनेच्या केंद्रीय मार्गदर्शनात ‘आकांक्षी’ म्हणून निवडलेल्या मागास जिल्ह्यांतल्या रुग्णालयांना पॅकेजवर 10 टक्के जादा देण्याची तरतूद आहे. खंडवा त्या यादीत आहे. बऱ्हाणपूर 15 ऑगस्ट 2003 रोजी त्याच खंडव्यातून, म्हणजे जुन्या पूर्व निमाडातून, वेगळं काढलेलं, आणि ते यादीत नाही. नेपानगरच्या पाड्यांचा रस्ता तितकाच चढाचा आणि तितकाच लांब आहे. ती तरतूद जिल्ह्याच्या नावाऐवजी जवळच्या रक्ताच्या फ्रिजपर्यंतच्या अंतरावर बेतली, तर 2003 सालच्या रेघेने ज्यांना वगळलं ते दवाखाने तिच्यात आपोआप येतील, आणि त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही.